काळ्या पट्टीतला चेहरा

मंडळी, पुष्कळ घरांत एक जुनी पत्र्याची पेटी असते. तिच्यात जमिनीचे कागद असतात, लग्नपत्रिका असतात, जुन्या पावत्या असतात. त्यांतच कधी एखादे पिवळे पाकीट सापडते. आत काळपट, चकचकीत पट्ट्या असतात. उजेडाकडे धरल्या तर माणसे दिसतात, पण सगळे उलटे! केस पांढरे आणि धोतर काळे. पोरे हसतात आणि पट्टी टाकून देतात. तसे करू नका. ती फोटोची निगेटिव्ह आहे.

निगेटिव्ह म्हणजे फोटोचे बियाणे. भिंतीवरचा फोटो फाटला, वाळवीने खाल्ला, तरी बियाणे घरात असेल तर फोटो पुन्हा निघतो. बियाणेच गेले तर मग इलाज नाही.

धोतर काळे का दिसते?

पूर्वीच्या कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालावा लागे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असे. जिथे उजेड जास्त पडे, तिथला थर रोल धुतल्यावर काळा होई. पांढऱ्या धोतरावरून उजेड जास्त येतो, म्हणून ते काळे. काळ्या केसांवरून उजेड कमी येतो, म्हणून ते फिके. रबरी शिक्क्यावर अक्षरे उलटी असतात आणि कागदावर सुलटी उमटतात. तसेच हे आहे. निगेटिव्हवरून फोटो काढण्याची ही रीत इंग्लंडातील टॅलबट यांनी १८४१ साली पुढे आणली. आपल्या देशात उटी येथील सरकारी कारखान्यात १९६७ पासून ‘इंदू’ नावाची फिल्म होत असे. तो कारखाना आता बंद झाला आहे. फोटो धुणाऱ्या अंधाऱ्या खोल्याही बहुतेक गावांतून गेल्या. पण घरातला मोबाईल हे काम करू शकतो.

आधी काळजी

फिल्मचा शत्रू म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. काही जुन्या फिल्मना शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागतो. तो वास आला की समजावे, फिल्म कुजत चालली आहे. अशी फिल्म बाकीच्यांपासून दूर ठेवावी, कारण तिची वाफ शेजारच्या फिल्मनाही बाधते. तिचा फोटो सगळ्यांत आधी घ्यावा.

चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवू नका. ओल्या फडक्याने पुसू नका. थर मऊ होऊन निघून येईल. निगेटिव्ह पाहण्यासाठी दिव्याच्या ज्योतीजवळ तर कधीच नेऊ नका. १९५० च्या आधीच्या काही फिल्म झटकन पेट घेतात.

कसे करावे?

१. हात धुऊन कोरडे करा. फिल्म फक्त कडेला धरा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झटका.

२. दोन मोबाईल घ्या. एकाचा पडदा पूर्ण पांढरा आणि पुरता उजळ करा. हा झाला आपला दिवा.

३. त्याच्यावर दोन बोटे उंचीवर एक काच ठेवा. काचेवर बटर पेपर पसरा, म्हणजे पडद्याचे ठिपके दिसणार नाहीत. त्यावर निगेटिव्ह ठेवा. भोवतीचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका.

४. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. चकचकीत बाजू वर ठेवा.

५. दुसरा मोबाईल दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या चळती रचून त्यांवर आडवा, सरळ ठेवा. फ्लॅश बंद करा. खोलीत अंधार करा. टायमर लावून फोटो घ्या, म्हणजे हात हलणार नाही.

६. फोटो सुधारण्याच्या ॲपमध्ये ‘इन्व्हर्ट’ असे बटण असते. ते दाबले की काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होते. रंगीत निगेटिव्ह नारिंगी असते. तिचा फोटो प्रथम निळसर येतो. मग रंग हळूहळू जुळवावे लागतात.

चौथी गोष्ट लहान वाटते, पण लहान नाही. आमच्या रात्रीच्या वर्गाला एक शेतकरी येत. ते आठ महिन्यांचे असताना वडील वारले. घरातला एकुलता फोटो वाळवीने खाल्ला होता. वडिलांचा चेहरा त्यांना ठाऊकच नव्हता. पुढे तंबाखूच्या डब्यात एक चौकोनी निगेटिव्ह सापडली. नातवाने वर सांगितल्याप्रमाणे फोटो घेतला आणि आजीला दाखवला. आजी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “हेच ते. पण मुंडासं डाव्या कानावर असायचं त्यांचं. हितं उजव्या कानावर कसं आलं?” नातवाने पाहिले, तर फिल्म पालथी पडली होती. ती सुलटी करून पुन्हा फोटो घेतला. मुंडासे डाव्या कानावर आले. पासष्ट वर्षांच्या मुलाने बापाला प्रथमच पाहिले.

कागदावर फोटो

मोबाईल हरवतो, फुटतो. म्हणून चित्र आणखी दोन ठिकाणी ठेवा आणि एक प्रत कागदावर काढा. घरी शाईचा प्रिंटर असेल तर फोटोचा जाड कागद वापरा. ४ बाय ६ इंचांचा फोटो स्वच्छ यायला चित्रात निदान १२०० बाय १८०० ठिपके हवेत. छापलेला फोटो एक दिवस वाळू द्या. चौकटीत बसवताना कडेने पुठ्ठा घाला, म्हणजे काच फोटोला चिकटणार नाही. चौकट उन्हात टांगू नका. प्रिंटर नसेल तर तालुक्याच्या दुकानात छापून मिळते.

काम झाले म्हणून निगेटिव्ह टाकू नका. ती कागदी पाकिटात घालून कोरड्या, थंड जागी ठेवा. चुलीच्या वरची फळी तिच्यासाठी नव्हे.

नाव कोण लिहिणार?

त्या शेतकऱ्याच्या फोटोत वडिलांच्या शेजारी आणखी चार माणसे होती. आजीने तिघांची नावे सांगितली. चौथा कोण, ते तिला आठवेना. गावात दुसऱ्या कुणालाही सांगता आले नाही. त्याचा चेहरा स्वच्छ आला आहे. नाव मात्र गेले.

चेहरा यंत्राने परत येतो. नाव यंत्राला ठाऊक नसते. ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते, आणि ती माणसे आहेत तोवरच मिळते. म्हणून फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा. कोण, कुठला, कोणत्या साली, हे विचारा. मग पाकिटावर पेन्सिलीने लिहा. आधी लिहा, मग पाकिटात फिल्म घाला. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. तुम्ही आता लिहू शकता. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका.

प्रश्न

१. निगेटिव्हमध्ये पांढरे धोतर काळे का दिसते?
२. फिल्मला आंबट वास आला तर काय करावे?
३. फिल्मची कोणती बाजू वर ठेवावी? का?

करून पाहा

घरातला एक जुना फोटो घ्या. त्यातील माणसांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या वहीत लिहा.