‘पिता’ हे संबोधन : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतील नात्याची भाषा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• ख्रिस्ती प्रार्थनेतील ‘पिता’ या संकल्पनेचा अर्थ सांगता येईल.
• ‘पिता’, ‘बाप’, ‘आमच्या’, ‘तू’ या शब्दांच्या निवडीमागील भाषिक कारणे स्पष्ट करता येतील.
• मराठी भक्तिपरंपरेतील ‘माउली’ या संबोधनाशी त्याची तुलना करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, देवाला कोणत्या नात्याने हाक मारावी, हा प्रश्न जितका धर्माचा तितकाच भाषेचाही आहे. अमरावती-अकोल्याच्या परिसरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) स्वतःला ‘ज्ञानेश्वरकन्या’ म्हणवीत. वारकरी ज्यांना ‘माउली’ म्हणतात, त्यांच्याशी एका पुरुष संताने लेकीचे नाते जोडले. याच वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला हे ख्रिस्ती मिशनकार्याचे एक केंद्र झाले आणि येथील मराठी चर्चमधून देवाला ‘पिता’ म्हणून हाक मारली जाऊ लागली. त्या हाकेची भाषिक घडण आपण पाहू.

विषय-विवेचन

(अ) नाम : ‘पिता’ की ‘बाप’?

येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना मत्तय (६:९–१३) आणि लूक (११:२–४) या शुभवर्तमानांत आहे. मराठीत तिचा आरंभ ‘पित्या’ या संबोधनाच्या रूपाने होतो. संस्कृतात ‘पितृ’ शब्दाचे संबोधन ‘पितः’ असे होते. मराठीने मात्र ‘घोडा–घोड्या’ या आपल्याच नियमाने ‘पित्या’ हे रूप घडविले. शब्द तत्सम असला तरी त्याचे व्याकरण मराठी आहे.

तरीही घरात कोणी आपल्या वडिलांना ‘पित्या’ म्हणत नाही. तेथे ‘बाबा’, ‘अण्णा’, ‘बाप’ हे शब्द चालतात. नव्या करारात तीन ठिकाणी (मार्क १४:३६, रोम ८:१५, गलती ४:६) ‘अब्बा’ हा अरामी शब्द मूळ ग्रीक मजकुरातही तसाच ठेवला आहे. मराठी भाषांतरात त्याच्या जोडीला ‘बापा’ हा प्राकृत वळणाचा शब्द आढळतो. ‘अब्बा’ हे केवळ लहान मुलाचे बोबडे संबोधन होय, असे पुष्कळदा सांगितले जाते. ब्रिटिश अभ्यासक जेम्स बार यांनी १९८८ मध्ये या मताची चिकित्सा केली आणि प्रौढ मुलेही वडिलांना हा शब्द वापरीत, हे दाखविले. म्हणजे ‘अब्बा’त जवळीक आहे, पण ती बालिश नाही. मराठीतील ‘बापा’ या हाकेत जवळीक आणि आदर हे दोन्ही भाव सामावतात.

(आ) सर्वनाम : ‘आमच्या’ आणि ‘तू’

मराठीत ‘आपल्या’ आणि ‘आमच्या’ यांत भेद आहे. ‘आपल्या’ म्हटले की ऐकणाराही त्यात येतो; ‘आमच्या’ म्हटले की तो वगळला जातो. देवाशी बोलताना ‘आपल्या पित्या’ म्हणता येत नाही, कारण तसे म्हटल्यास देवही त्या पित्याचे लेकरू ठरेल. म्हणून येथे ‘आमच्या’ अपरिहार्य आहे.

मात्र तेथे ‘माझ्या’ असेही नाही. ‘आमच्या’ म्हणणारा एकटा असला तरी आपल्याबरोबर इतर भावंडे आहेत, हे तो मान्य करतो. ज्या समाजात पंगत आणि पाणवठा जातीनुसार वेगळे होते, तेथे हे अनेकवचन साधे नव्हते. शेजारच्याला भाऊ मानल्याविना ते प्रामाणिकपणे उच्चारता येत नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यांनी स्थान दिले. त्यामागे याच व्यापक ‘आमच्या’चा आग्रह दिसतो.

आता ‘तू’चा विचार करू. अनेक मराठी घरांत, विशेषतः मागील पिढ्यांत, आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणण्याची रीत होती. प्रार्थनेत मात्र पित्याला ‘तू’ म्हटले जाते. एका अर्थी पित्याला आईच्या सर्वनामाने हाक मारली जाते. देवाला एकेरीत संबोधण्याचा भक्तिपरंपरेचा संकेतही येथे साहाय्यक ठरला असावा. नाम औपचारिक आणि सर्वनाम घरगुती, अशी ही रचना आहे. ‘स्वर्गातील’ या शब्दाने निर्माण होणारे अंतर ‘तू’ने मिटते.

(इ) पिता आणि माउली

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात (९:१७) श्रीकृष्ण स्वतःला जगाचा पिता आणि माता अशी दोन्ही नावे देतो. बायबलमध्येही यशया ग्रंथात (६६:१३) देवाच्या सांत्वनाला आईची उपमा आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात परतणाऱ्या मुलाला दुरून पाहून बाप स्वतः धावत सुटतो, त्याला मिठी मारतो. हे वर्तन आपण सहसा ‘माउली’कडून अपेक्षितो. तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या टिळकांनी ख्रिस्ताला आई आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी आळविले. त्यामुळे मराठी ख्रिस्ती काव्यात ‘पिता’ हा शब्द ‘माउली’च्या शेजारी नांदू लागला.

(ई) एक अवघड प्रश्न

हा भाग शिकविताना वर्गात एक प्रश्न येतो : ज्याला वडील नाहीत, किंवा ज्याने वडिलांचा केवळ धाक अनुभवला, त्याने हा शब्द कसा उच्चारावा? १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर अनाथालयांत वाढलेल्या मुलांसमोर हा प्रश्न होता. शेतकरी बापाने आत्महत्या केल्यावर मागे राहिलेल्या पश्चिम विदर्भातील लेकरांसमोर तो आजही आहे. ख्रिस्ती विचार येथे उपमेची दिशा उलटी करतो. घरातल्या बापावरून देव ओळखायचा नाही; देवाच्या करुणेवरून बापपण कसे असावे हे जोखायचे. ज्याला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, त्याची अडचण खरी आहे. त्याच्यासाठी ‘माउली’चे दारही याच परंपरेत उघडे आहे.

सारांश

‘पिता’ या संबोधनात नाम दुरावा दाखविते, ‘तू’ जवळीक देते आणि ‘आमच्या’ बंधुभावाची जबाबदारी सोपविते. मराठीच्या सर्वनामव्यवस्थेमुळे व भक्तिपरंपरेमुळे या संकल्पनेला स्वतंत्र अर्थच्छटा लाभल्या.

स्वाध्याय

१. ‘आमच्या’ आणि ‘आपल्या’ यांतील भेद प्रार्थनेच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘पिता’ व ‘माउली’ या संबोधनांची तुलना करा.
३. आपल्या घरात आई-वडिलांसाठी वापरल्या जाणाऱ्या संबोधनांची व सर्वनामांची तीन पिढ्यांची नोंद करा आणि त्यांतील बदलाची कारणे लिहा.