अंगणातील पहिली शाळा

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फळा, बाके, पाटी आणि पुस्तके उभी राहतात. परंतु माणसाचे शिक्षण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. मूल रांगू लागले की दिसेल ती वस्तू उचलते, आपटते, भरलेले सांडते आणि सांडलेले पुन्हा भरते. आपण त्यास खोड्या म्हणतो. वस्तुतः तो त्याचा अभ्यास होय. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला जगाची ओळख प्रथम हातांनी होते आणि मग शब्दांनी. हा क्रम ज्यांनी ओळखला, त्यांनी बालशिक्षणात मोठे कार्य केले. त्या कार्याची ओळख करून घ्यावी आणि आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील घरांत त्यातले काय करता येईल ते पाहावे, हा या लेखाचा हेतू आहे.

इटलीतील विदुषी डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मुलाला योग्य साधने द्यावीत, त्याने ती स्वतःच्या हाताने हाताळावीत आणि शिक्षकाने जवळ बसून निरीक्षण करावे, ही त्यांची पद्धती. आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार चालू केला.

परंतु शहरातील बालमंदिरे खेड्यांतील मुलांच्या काय उपयोगाची, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या आणि हे काम त्यांचे जीवितकार्य झाले. विकत घ्यावयाची साधने महाग. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती यांतूनच शिक्षणाची साधने तयार झाली. वस्तीतील मुले बालवाडीत येत ना, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि त्या अंगणातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला मिळाला. १९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेण्यात आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि डहाणूच्या अंगणातला हा शब्द देशभर गेला. आज आपल्या गावातील अंगणवाडीच्या पाटीवर तो आपण रोज वाचतो.

आता आपल्या भागाकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व विदर्भ एकीकडे गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर व पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. येथील असंख्य घरांची बोली मराठी, तर राज्यकारभाराची भाषा हिंदी. त्यामुळे तीन वर्षांचे मूल घराचा उंबरठा ओलांडते न ओलांडते तोच त्याच्यापुढे दुसरी भाषा उभी राहते. घरी ज्याला चिंच म्हणावे त्याला बाहेर इमली म्हणतात. ज्या मुलाने चिंच हाताळली आहे, चाखली आहे आणि तिचे घरचे नाव ज्याच्या ओठांवर पक्के बसले आहे, त्याला दुसरे नाव शिकणे जड जात नाही. पण वस्तूही ओळखीची नाही आणि शब्दही परका, असे झाले म्हणजे मूल गप्प बसते. आणि मोठी माणसे त्यालाच मंद समजतात. हे होऊ द्यावयाचे नसेल तर शाळेपूर्वीची दोन-तीन वर्षे घरच्या भाषेत आणि हातातील वस्तूंत गेली पाहिजेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया मानला असून, शक्य तेथे घरची भाषाच शिक्षणाचे माध्यम असावी असे म्हटले आहे.

यासाठी लागणारी साधने आपल्याच शेतात आणि स्वयंपाकघरात आहेत. त्यांतील काही खेळ पुढे देत आहोत.

(१) निवडणे. एका सुपात तूर, हरभरा आणि चिंचोके एकत्र करावेत व मुलाने ते तीन वाट्यांत वेगळे करावेत. सारखे कोणते, निराळे कोणते, हा विचार गणिताचा पाया होय. पुढे पाच द्रोण मांडून प्रत्येकात एकेक चिंचोका ठेवावयास सांगावे. ‘एक, दोन, तीन’ असे पाठ म्हणणे वेगळे आणि एका द्रोणास एक चिंचोका अशी जोड लावणे वेगळे. संख्येचा खरा अर्थ या जोडीतून कळतो.

(२) संत्रे. आपला भाग संत्र्यांचा. चार-पाच संत्री लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावावीत. एक संत्रे मुलाने स्वतः सोलावे. त्याच्या बोटांना ताकद येते. आत फोडी किती असतील याचा आधी अंदाज करावयास सांगावा आणि मग मोजावे. फोडी बहुधा दहाच्या आगेमागे भरतात. त्या घरातील माणसांत सारख्या वाटावयास लावाव्यात. उरलेल्या फोडीचे काय करावे, हा प्रश्न मूल आपल्या परीने सोडवील. तोच त्याचा भागाकार.

(३) माती. काळी माती भिजवून, तुडवून, मळून मूल तिचा बैल करते. विदर्भाप्रमाणे आपल्याकडेही पोळा हा मोठा सण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीवर गोटमार होते, आणि त्याच दिवशी विदर्भात तान्ह्या पोळ्याला लहान मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. आपल्या घरच्या बालकाच्या हाती त्या दिवशी मातीचा बैल असावा, असे आम्हांस वाटते. मातीत खेळलेल्या बोटांना पुढे पेन्सिल सहज धरता येते. बोटांत बळ येण्यापूर्वीच अक्षरे गिरविण्याची सक्ती केली तर हात दुखतो आणि मनात लिहिण्याचा कंटाळा बसतो.

(४) पाणी. तांब्या, वाटी आणि उंच पेला द्यावा. तांब्यात किती वाट्या मावतात ते मुलाने ओतून पाहावे. वाटीतले पाणी उंच अरुंद पेल्यात ओतले की ते वाढले, असे चार वर्षांच्या मुलास वाटते. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या या समजुतीचा बारकाईने अभ्यास केला. त्याला ‘चुकलास’ म्हणू नये. पाणी परत वाटीत ओतू द्यावे. असा अनुभव पुनःपुन्हा आला की समज आपोआप येते.

(५) आवाज. भुलाबाईच्या दिवसांत मुली डबा हलवून आतला खाऊ ओळखावयास लावतात. माँटेसरींच्या साधनांत आवाजाच्या डब्या आहेत, त्यांच्याच जातीचा हा आपला घरचा खेळ. सारख्या डब्यांच्या जोड्या घेऊन दोन डब्यांत तांदूळ, दोन डब्यांत खडे, दोन डब्यांत वाळू भरावी. झाकणे घट्ट लावावीत आणि कानाने जोड्या लावावयास सांगावे.

या खेळांबरोबर शब्द कसे द्यावेत, याची एक साधी रीत आहे. तिला तीन पायऱ्या आहेत. प्रथम वस्तू हातात देऊन ‘हा चिंचोका, ही तूर’ असे सांगावे. मग ‘तूर मला दे’ म्हणावे. शेवटी वस्तू दाखवून ‘हे काय?’ असे विचारावे. तिसऱ्या पायरीवर मूल अडले तर न रागावता पुन्हा पहिलीवर यावे. घरचा शब्द पक्का झाला की दुसऱ्या दिवशी त्याचा हिंदी शब्दही आनंदाने द्यावा. दोन भाषा जाणणे हे या भागातील मुलांचे धन आहे.

काही पथ्येही पाळली पाहिजेत. तीन वर्षांखालील मूल सर्व काही तोंडात घालते. त्याला बारीक बिया देऊ नयेत. मोठे मूलही कधी दाणा नाकाकानात घालते, म्हणून जवळ बसावे. पाणी खेळताना मुलास क्षणभरही एकटे सोडू नये. गुंज, एरंड आणि धोतरा यांच्या बिया विषारी असतात. त्या खेळात कदापि घेऊ नयेत. पेरणीच्या बियाण्यास औषध लावलेले असते, तेही वर्ज्य. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे व बाटल्या कितीही धुतल्या तरी मुलांच्या हाती पडता कामा नयेत.

विद्यार्थी मित्रहो, आईवडील शेतात वा कामावर असताना धाकट्या भावंडाजवळ पुष्कळदा तुम्हीच असता. मोबाइल हाती देऊन त्यास गप्प बसविणे सोपे असते. परंतु त्या पडद्यावरील संत्र्यास वास नसतो आणि ते सोलताही येत नाही. एक पाटी घ्या, तीत वाट्या, चिंचोके, मातीचा गोळा आणि दोन-चार डब्या ठेवा. रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा. काम हळू करून दाखवा, मग हात मागे घ्या आणि त्यास करू द्या. सांडले तर त्यालाच भरू द्या. खेळ संपल्यावर प्रत्येक वस्तू जागच्या जागी त्यालाच ठेवू द्या. आणि तो बोलू लागला की त्याचे बोलणे, ते आपल्या बोलीत असले तरी, शेवटपर्यंत ऐकून घ्या.