मुदतीचे मोल : दंड आणि बक्षीस

दिवाळीसाठी मागविलेला माल दिवाळी उलटल्यावर गोदामात उतरला, तर त्याचे मोल काय राहते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. रस्त्याच्या कामासही हाच न्याय लागू पडतो. रस्ता बंद राहिला की मालमोटारी लांबच्या वाटेने जातात, भाडे वाढते आणि तो भुर्दंड अखेर गिऱ्हाइकावर पडतो. म्हणून करारात मुदतीचे कलम कसे असावे, याचा विचार आम्ही येथे एका प्रसिद्ध उदाहरणावरून करीत आहोत.

१७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात मोठा भूकंप झाला आणि सँटा मोनिका द्रुतमार्गावरील पूल कोसळले. मार्ग बंद असल्यामुळे रोज सुमारे १० लाख डॉलरांचे नुकसान होते, असा अंदाज करण्यात आला. कॅलिफोर्निया राज्याच्या वाहतूक खात्याने सी. सी. मायर्स या कंपनीस सुमारे १ कोटी ४९ लाख डॉलरांचा मक्ता दिला. मुदत १४० दिवसांची होती. मुदतीआधीच्या प्रत्येक दिवसास २ लाख डॉलर बक्षीस आणि विलंबाच्या प्रत्येक दिवसास सुमारे तितकाच दंड, अशी अट होती. कंपनीने रात्रंदिवस पाळ्या लावून काम ६६ दिवसांत पुरे केले. ७४ दिवसांचे बक्षीस १ कोटी ४८ लाख डॉलर झाले, म्हणजे जवळजवळ मूळ मक्त्याइतके!

प्रथमदर्शनी ही उधळपट्टी वाटेल. परंतु वरील अंदाज धरला, तर ७४ दिवसांत समाजाचे ७ कोटी ४० लाख डॉलर वाचले आणि त्यासाठी दिलेले बक्षीस त्याच्या पाचव्या हिश्शाइतकेच होते. मक्तेदारासही ती सगळी रक्कम निव्वळ नफा नव्हती. जादा पाळ्यांचा खर्च त्यातूनच भागवावयाचा होता. दंड आणि बक्षीस ही एकाच तराजूची दोन पारडी होत. दिवसाची खरी किंमत आधी ठरविली, तरच तराजू बरोबर तोलतो.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम या बाबतीत महत्त्वाचे आहे. करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हेच तत्त्व विशद केले. केवळ धाक दाखविण्यासाठी घातलेला भरमसाट आकडा म्हणूनच व्यर्थ ठरतो.

त्याच कायद्याचे ५५ वे कलमही ध्यानात ठेवावे. जेथे मुदत हाच कराराचा गाभा असतो, तेथे मुदतीनंतर आलेले काम किंवा माल मुकाट्याने स्वीकारल्यास भरपाईचा हक्क जातो. तो राखावयाचा असेल, तर स्वीकारतेवेळीच तशी सूचना द्यावी लागते. ती लेखी असणे केव्हाही श्रेयस्कर.

यावरून आमच्या सभासद बंधूंना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गोदाम वा दुकान बांधावयास देताना एका दिवसाच्या विलंबाने होणारे नुकसान आकडेवार मांडून ते टिपण करारासोबत जपावे. बक्षीस ठेवल्यास ते कामाची तपासणी उतरल्यावरच द्यावे, नाहीतर घाई पक्केपणाच्या मुळावर येते. आणि जागा वा पैसा आपणच उशिरा दिला असेल, तर तेवढे दिवस मक्तेदाराच्या नावे मांडू नयेत. आपल्या चुकीचा दंड दुसऱ्याकडून वसूल करणे कायद्यास मान्य नाही आणि सचोटीच्या व्यापाऱ्यास शोभणारेही नाही.