वासेदा विद्यापीठाचा बेसबॉल आणि १९४३ चा सामना

बेसबॉल हा खेळ मी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. आमच्या गावी विटीदांडू, कबड्डी आणि जत्रेतली कुस्ती एवढेच खेळ. क्रिकेट आले तेही खळ्यावर, फळीची बॅट करून. तेव्हा एका जपानी विद्यापीठाच्या बेसबॉलवर मी लिहावे हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. परंतु इतिहासाच्या तासाला जपान शिकवीत असता आमच्या प्राध्यापकांनी सहज एक वाक्य सांगितले. १९४३ साली लढाईवर जाण्यापूर्वी टोकियोतील दोन विद्यापीठांच्या मुलांनी बेसबॉलचा एक अखेरचा सामना खेळला होता. तास संपला, पण ते वाक्य काही डोक्यातून गेले नाही. उद्या मरायला जायचे ठाऊक असलेल्या मुलांना खेळावेसे का वाटले? आणि त्यांना खेळू देण्यासाठी त्यांच्या वडीलधाऱ्यांनी आपली पत का पणाला लावली?

खेळाची ओळख दोनच वाक्यांत करून देतो. नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ, नऊ डाव, गोल दांडा, आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार ठाणी. पिचर टप्पा न पाडता चेंडू फेकतो, तो टोलवून चारही ठाण्यांना वळसा घालून जो परत येतो त्याची एक धाव होते.

हा खेळ जपानात आणला तो होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने, १८७२ च्या सुमारास टोकियोतील एका सरकारी शाळेत. म्हणजे सुरुवातीपासून तो शाळा-कॉलेजांचाच खेळ. मासाओका शिकी हा थोर हायकू-कवीही विद्यार्थिदशेत या खेळाच्या नादी लागला होता. शिरीष पै यांच्यामुळे हायकू आपल्याकडे परिचित झाला आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली. १८९६ साली टोकियोच्या पहिल्या उच्च विद्यालयाने, ज्याला 'इचिको' म्हणत, योकोहामातील अमेरिकन लोकांच्या संघाला २९ विरुद्ध ४ असे हरविले. परकीयांनी लादलेल्या असमान तहांची सल अजून ताजी होती. त्यामुळे या विजयाचे देशभर केवढे अप्रूप झाले असेल याची कल्पना आपल्याला, ज्यांच्या आजोबांनी गोऱ्यांचे राज्य पाहिले, सहज करता येईल.

वासेदा विद्यापीठ मूळचे १८८२ चे. त्याचे संस्थापक ओकुमा शिगेनोबू हे मोठे राजकारणी. (महर्षी कर्व्यांना महिला विद्यापीठाची कल्पना ज्या जपानी महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून सुचली, त्याच्या स्थापनेलाही या ओकुमांचा हातभार होता.) तेथे १९०१ साली बेसबॉलचा संघ निघाला आणि त्याचे प्रमुखपद आबे इसो या प्राध्यापकांकडे आले. हे गृहस्थ मला फार विलक्षण वाटतात. ते ख्रिस्ती होते, अमेरिकेत धर्मशास्त्र शिकून आलेले होते, आणि समाजवादी होते. त्याच १९०१ साली त्यांनी मित्रांसह जपानातील पहिला समाजवादी पक्ष स्थापन केला, आणि सरकारने तो लागलीच बंद पाडला. पक्ष गेला, बेसबॉलचा संघ राहिला. सचोटीने खेळलेला खेळ माणसामाणसांतले आणि देशादेशांतले वैर कमी करतो, अशी आबे यांची खरीखुरी श्रद्धा होती.

१९०३ च्या नोव्हेंबरात वासेदाच्या मुलांनी केइओ विद्यापीठाला सामन्याचे पत्र धाडले. केइओ जुने आणि नावाजलेले, वासेदा नवखे. पत्राचा सूर 'आम्ही अजून कच्चे आहोत, आम्हांला शिकवावे' असा नम्र होता. केइओने ११ विरुद्ध ९ असा सामना जिंकला, पण नवख्यांनी नऊ धावा केल्या हेही नसे थोडके. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून या सामन्याला 'सोकेइसेन' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी वासेदाने इचिकोलाही हरविले.

आबे यांनी मुलांना शब्द दिला होता की सगळ्यांना जिंकलेत तर तुम्हांला अमेरिकेला नेईन. तो शब्द त्यांनी १९०५ साली पाळला. रशियाशी युद्ध चालू असताना एक प्राध्यापक पोरांना घेऊन समुद्रापार खेळायला निघतो, यावर टीका झाल्याशिवाय कशी राहील? अमेरिकेत त्यांनी २६ सामने खेळले. ७ जिंकले, १९ हरले. कोनो नावाच्या पिचरने जवळजवळ सारे सामने एकट्याने ओढले. आकड्यांवरून दौरा फसला असेच कोणी म्हणेल. पण येताना ही मुले खिळ्यांचे बूट, चांगले हातमोजे, हलक्या हाताने चेंडू जागीच टाकण्याची युक्ती आणि सरावाची पद्धत घेऊन आली, आणि जपानातील खेळाचे रूपच पालटले. हरून आलेल्या मुलांकडून सारा देश खेळ शिकला.

यानंतर मात्र खेळावर संकट आले, आणि ते बाहेरून नव्हे, आतून. १९०६ च्या शरदात पहिला सामना केइओने जिंकला, दुसरा वासेदाने. विजयी बाजूचे विद्यार्थी प्रतिपक्षाच्या संस्थापकाच्या घरापुढे जाऊन जयजयकार करू लागले. तिसऱ्या सामन्याला रक्तपात होईल अशी चिन्हे दिसताच दोन्ही विद्यापीठांनी तो रद्द केला. एक सामना रद्द झाला म्हणता म्हणता तो तब्बल १९ वर्षे झाला नाही! आपल्याकडील स्नेहसंमेलनांत घोषणा देणाऱ्या मंडळींनी या आकड्याचा विचार करावा.

मध्यंतरी १९११ साली टोकियोच्या 'आसाही' वृत्तपत्राने बेसबॉलच्या दुष्परिणामांवर लेखमालाच चालविली. 'बुशिदो' या ग्रंथाचे कर्ते नितोबे इनाझो यांनी तर हा खिसेकापूंचा खेळ ठरविला, कारण यात प्रतिस्पर्ध्याला फसवून ठाणे 'चोरतात'. अभ्यास बुडतो, वेळ जातो, असे सेनापती नोगींसारख्यांचेही मत पडले. आबे यांनी या सर्वांना जाहीर उत्तर दिले. गंमत अशी की अवघ्या चार वर्षांनी, १९१५ साली, 'आसाही'च्याच ओसाका कचेरीने माध्यमिक शाळांची बेसबॉल स्पर्धा सुरू केली. हे वाचताना मला वडिलांचे बोलणे आठवले. मी शाळेतून उशिरा आलो की ते म्हणत, "खेळून का पोट भरतंय?" त्यांना दोष देत नाही. घरात कॉलेजात जाणारा पहिला मुलगा मी, त्यांचा सारा डाव माझ्यावर लागलेला. पण नितोबे हे काही शेतकरी नव्हते, मोठे विद्वान होते.

आता तोबिता सुइशू यांच्याविषयी. १९१० साली शिकागो विद्यापीठाचा संघ जपानात आला तेव्हा तोबिता वासेदाचे कर्णधार होते. शिकागोने वासेदाला एकही सामना जिंकू दिला नाही. (वासेदाच्या गणवेशाचा तांबूस-तपकिरी रंग शिकागोचाच म्हणतात, हरविणाऱ्याचा रंग अंगावर वागवायचा ही रीत मला आवडली.) तोबितांनी कर्णधारपद सोडले. पण ती हार त्यांनी मनातून जाऊ दिली नाही. १९१९ साली वर्तमानपत्रातली नोकरी सोडून ते वासेदाचे पहिले पूर्णवेळ प्रशिक्षक झाले आणि त्यांनी मुलांना असे राबविले की त्या सरावाला 'मरणाचा सराव' असे नाव पडले. रक्त ओकेपर्यंत सराव केल्याविना विजयाची आशा करू नये, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक चेंडूत आपला आत्मा ओता, हे त्यांचे सूत्र जपानात आजही सांगतात. १९२५ साली त्यांच्या संघाने अखेर शिकागोला हरविले, आणि तोबिता लगेच बाजूला झाले.

मला स्वतःला तोबितांपेक्षा आबे जवळचे वाटतात. ज्या खेळात पोराला रक्त ओकावे लागते तो खेळ राहत नाही, वेठ होते. विशेषतः जेथे पुढे लष्कराचीच शिस्त सगळीकडे शिरणार होती, तेथे मैदानावरची ही शिस्त कोणाच्या उपयोगी पडली, हा प्रश्न मनात येतोच. पण तोबितांचे चित्र एवढ्यावर पुरे होत नाही.

१९२५ सालीच टोकियोच्या सहा विद्यापीठांचा संघ-मेळ पुरा झाला: वासेदा, केइओ, मेइजी, होसेइ, रिक्क्यो आणि टोकियो इंपीरियल. सोकेइसेनही पुन्हा सुरू झाला. वासेदाने तो ११ विरुद्ध शून्य जिंकला. पुढची काही वर्षे या सामन्यांनी टोकियोला वेड लावले. धंदेवाईक संघ तेव्हा जवळजवळ नव्हतेच. १९३३ साली वासेदाच्या प्रेक्षकांनी फेकलेले सफरचंदाचे बोंडूक केइओच्या खेळाडूने उलट भिरकावले आणि त्यावरून मोठी दंगल उसळली, एवढे सांगून हा भाग सोडतो.

१९३२ पासून सरकारने विद्यार्थ्यांच्या बेसबॉलवर निर्बंध घातले होते. १९४३ च्या एप्रिलमध्ये शिक्षण खात्याच्या हुकुमाने सहा विद्यापीठांचा मेळच मोडला. शत्रूचा खेळ म्हणून इंग्रजी संज्ञाही हद्दपार झाल्या. मग ऑक्टोबरच्या आरंभी विद्यार्थ्यांना लष्करभरतीत मिळणारी सवलत काढून घेण्यात आली. येथे एक बारकावा आहे, तो वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. शास्त्र आणि इंजिनिअरिंगच्या मुलांची सवलत कायम राहिली. कायदा, साहित्य, इतिहास शिकणाऱ्यांची गेली. युद्धाला यंत्रे करणारे हवे होते. आपल्यासारख्या कला शाखेच्या पोरांवाचून त्याचे अडत नव्हते. मर्यादा वीस वर्षांची होती. मला पुढल्या वर्षी वीस पूर्ण होतील.

केइओच्या मुलांनी जाण्यापूर्वी वासेदाशी एकदा खेळायचे म्हटले. त्यांचे अध्यक्ष कोइझुमी शिन्झो यांनी ते उचलून धरले. त्यांचा एकुलता मुलगा आदल्याच वर्षी नौदलात कामी आला होता. कोइझुमी युद्धाचे विरोधक होते असे नव्हे. मुलांना लढायला जा असेच ते सांगत. तरीही जाण्यापूर्वी त्यांनी खेळावे असे त्यांना वाटले. वासेदाच्या चालकांनी मात्र लष्कराची मर्जी राखण्यासाठी संमती नाकारली. अशा वेळी पुढे आले ते हेच तोबिता. विद्यापीठ नको म्हणत असेल तर संघ आपल्या जबाबदारीवर, आपल्या तोत्सुका मैदानावर सामना घेईल, अशी भूमिका ठरली.

१६ ऑक्टोबर १९४३ रोजी सामना झाला. तोबितांनी कोइझुमींना मानाच्या जागी बसण्याची विनंती केली. ते म्हणाले, मी विद्यार्थ्यांतच बसतो. वासेदाची मुले सराव करीत राहिली होती, केइओची पुष्कळशी घरी पांगली होती. त्यामुळे निकाल १० विरुद्ध १ असा एकतर्फी लागला. पण निकालाकडे कोणाचे लक्ष होते? सामना संपल्यावर केइओच्या मुलांनी वासेदाचे गीत म्हटले, वासेदाच्या मुलांनी केइओचे. सदतीस वर्षांपूर्वी ज्यांच्या जयघोषामुळे सामना बंद पडला होता, त्यांच्याच या धाकट्या पिढ्या.

पाच दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, मेइजी देवस्थानाच्या बाह्य उद्यानात भर पावसात विद्यार्थ्यांचे निरोपाचे संचलन झाले. त्या सामन्यात खेळलेला वासेदाचा कोंदो कियोशी १९४५ च्या एप्रिलमध्ये ओकिनावाच्या लढाईत आत्मघाती विमानदलात गेला. परतला नाही. न परतलेला तो एकटाच नव्हे.

वासेदाच्या संघाचा विद्यार्थी व्यवस्थापक आइता याने टंचाईच्या आधीच चेंडू आणि दांडे जमवून ठेवले होते. सगळे लढाईला निघाले असता हे कोणासाठी, असे त्याला कोणी विचारले असेल तर त्याने काय सांगितले असेल? युद्ध संपले आणि १९४५ च्या नोव्हेंबरात दोन्ही विद्यापीठांचे आजी-माजी खेळाडू पुन्हा समोरासमोर उभे राहिले, तेव्हा जपानात घरांनाही लाकूड मिळत नव्हते. हे जपलेले साहित्य त्या दिवसांत कामी आले. १९४६ च्या वसंतात सहा विद्यापीठांची स्पर्धा पुन्हा सुरू झाली.

आबे १९४९ साली वारले आणि तोत्सुकाच्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. ते मैदान आज नाही. तेथे वासेदाचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १९९१ पासून. हे सांगितल्यावर माझ्या खोलीतल्या मित्राने लगेच विचारले, "मग आता पोरं खेळतात कुठं?" शहराच्या पश्चिमेला हिगाशी-फुशिमी येथे त्यांचे दुसरे मैदान आहे. त्यालाही नाव आबे यांचेच आहे.