पाठीखालची ऊब

हॅमकमध्ये रात्र काढणाऱ्याला थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. हवा २० अंश सेल्सिअसच्या आसपास असली तरी पहाटेपर्यंत बऱ्याच जणांची पाठ आणि कंबर गार पडते, आणि तेव्हा अंगावर चांगली जाड स्लीपिंग बॅगही असू शकते. ऊब देते ती तंतूंमध्ये अडकून राहिलेली स्थिर हवा. शरीराच्या भाराने बॅगचा खालचा थर चेपला की ही हवा निघून जाते. जमिनीवर झोपणाऱ्याच्या खाली निदान वारा तरी नसतो. हॅमकच्या खालून तो रात्रभर वाहतो.

आत फोमची मॅट टाकणे हा सगळ्यांना सुचणारा उपाय. डिसेंबरात भंडारदऱ्याच्या बाजूला त्याचा अनुभव मी घेतला आहे. कूस बदलली की मॅट सरकते, खांदे तिच्या बाहेर राहतात, आणि फोममधून वाफ जात नसल्यामुळे पाठ ओलसर होते. ओली पाठ वाऱ्यावर किती गारठते हे सह्याद्रीत थांबलेल्याला सांगायला नको.

यावरचा नेमका उपाय म्हणजे अंडरक्विल्ट. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर जाणाऱ्या अपलाचियन ट्रेलवर हॅमक घेऊन चालणाऱ्यांना ती चांगली परिचयाची आहे. ही रजई हॅमकच्या आत घालत नाहीत, बाहेरून त्याच्या खाली टांगतात. झोपणाऱ्याचा भार तिच्यावर येत नाही, त्यामुळे ती फुगलेलीच राहते. अमेरिकी सैन्याचा व्हिएतनाम युद्धाच्या काळापासूनचा पॉलिएस्टर भरलेला पांघरुणवजा पोंचो लायनर खाली टांगून अनेकांनी तिथे सुरुवात केली.

घरी शिवायला ही अवघड नाही. मात्र शिवणारे सगळा विचार भरावावर खर्च करतात आणि कापणी नि टांगणी उरलेल्या वेळात उरकतात. माझे मत नेमके उलट आहे. साधा भराव नीट बेतलेल्या रजईत पुरेशी ऊब देतो, तर महागडा भराव अंगापासून चार बोटे लांब लोंबत असेल तर काहीच देत नाही.

आपल्याकडे रजई म्हटले की हात आपोआप गोधडीच्या वळणाने चालतो: थर एकावर एक, आणि त्यांतून आरपार जवळजवळ धावदोरा. जमिनीवर अंथरायला ते उत्तम. पण इथे प्रत्येक टाका भराव चिमटून टाकतो, आणि टाक्यांच्या रांगेवर थंडीची रेघ उमटते. शिवाय सुती कापड दव पिते आणि जड होते. म्हणून सलग, एकसंध पॉलिएस्टर भरावाचा ताव घ्यावा आणि तो फक्त कडांना शिवावा. सुट्या तंतूंचे वॅडिंग असेल तर ते गोळा होऊ नये म्हणून लांब लांब अंतरावर सैल टाके पुरतात. बदकाच्या पिसांची लव हलकी आणि उबदार खरी, पण भिजली की बसते, तिला जाळीच्या भिंतींचे कप्पे शिवावे लागतात, आणि दमट सह्याद्रीत तिचा भरवसा धरू नये.

आता कापणी. आतले आणि बाहेरचे कापड एकाच मापाचे कापले, तर रजई अंगाखाली वळताना बाहेरचे कापड ताणले जाते आणि भराव दाबते. समजा भराव ४ सेंटिमीटर फुगतो आणि रजई अर्धवर्तुळात वळते. मग बाहेरचा कंस आतल्यापेक्षा ३.१४ गुणिले ४, म्हणजे साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब हवा. तेवढे कापड रुंदीत जास्त घ्यावे, आणि डोक्याच्या व पायाच्या टोकाला ते चुण्या घालून आतल्या कापडाशी जुळवावे. या चुण्यांमुळे टोकांना खोलगटपणाही येतो.

खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत झाकायला सुमारे १४० सेंटिमीटर लांबी आणि १२० सेंटिमीटर रुंदी पुरते. हॅमकमध्ये माणूस तिरका झोपतो, म्हणून रुंदीत काटकसर करू नये. पायांखाली मॅटचा छोटा तुकडा ठेवला की झाले. वजनाचा हिशेब असा: चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या रिपस्टॉप नायलॉनचे दोन थर आणि १८० ग्रॅमचा भराव मिळून साधारण ४४० ग्रॅम. दोऱ्या धरूनही ते अर्ध्या किलोच्या जवळपासच राहते. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला एवढा भराव माझ्या अनुभवात पुरतो.

बाहेरचे कापड वाफ जाऊ देणारे हवे. वारा अडवायला प्लॅस्टिक किंवा रेक्झिन लावण्याचा मोह होतो, पण अंगातून निघालेली वाफ त्यावर गार होऊन पाणी बनते आणि भरावात मुरते.

टांगणीसाठी दोन्ही लांब कडांना नेफा शिवून त्यातून गोल इलॅस्टिक दोरी ओवावी आणि तिची टोके हॅमकच्या दोन्ही टोकांना अडकवावीत. आखूड कडांच्या नेफ्यात नाडी घालावी. ती आवळली नाही तर डोक्याकडून शिरलेला वारा पायाकडून बाहेर पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. हॅमकचा झोल रोज बदलला तर रजईही रोज वेगळी बसते. त्यासाठी दोन टोकांमध्ये हॅमकच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के मापाची पक्की दोरी ठेवतात. ३.३ मीटरच्या हॅमकला ती पावणेतीन मीटरच्या आसपास येते.

पहिली रात्र जंगलात काढू नये. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात हॅमक बांधून नेहमीसारखे तिरके झोपावे आणि सोबतच्याला हॅमक आणि रजई यांच्यामध्ये हात घालायला सांगावे. हात सहज फिरला तर मध्ये पोकळी आहे, दोरी आवळा. कमरेखाली भराव पातळ लागला तर ती जास्त ताणली आहे, सैल करा. हे माप जमले की दोरीवर रंगाने खूण करून ठेवावी, अंधारात बोटे बधिर असताना अंदाज चालत नाहीत.

शेकोटीपासून ही रजई लांबच ठेवा. एका ठिणगीने नायलॉनला भोक पडते आणि भराव वितळतो. घरी आल्यावर ती वाळवून मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी. दाबून भरायची ती ट्रेकला निघण्याच्या दिवशीच, कारण महिनोन्महिने कोंबून ठेवलेला पॉलिएस्टर भराव पुन्हा पूर्ण फुगत नाही.