‘दहापैकी किती दुखतंय?’

प्रश्न : आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सिस्टर दर थोड्या वेळाने यायच्या आणि विचारायच्या, “आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” आई म्हणायची, “आहे, सहन होतंय.” तरी त्या पुन्हा विचारायच्याच. अशा आकड्यातून त्यांना कळतं तरी काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताप थर्मामीटरवर दिसतो, दुखणं कुठल्याच यंत्रावर दिसत नाही. ज्याचं दुखतं त्यालाच विचारावं लागतं. रुग्ण सांगेल तेच त्याचं दुखणं, असं मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन नर्सने १९६८ मध्ये ठामपणे मांडलं आणि नर्सिंगने ते स्वीकारलं.

एकटा आकडा फारसं सांगत नाही. एकाचा सहा तो दुसऱ्याचा चार असू शकतो. पण आईनेच गोळीआधी आठ आणि तासाभराने चार सांगितलं, तर औषध लागू पडलं. आठ तसाच राहिला किंवा एकाएकी वाढला, तर डॉक्टरांना कळवायला हवं. म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचं.

“सहन होतंय” यातून आई किती सोसतेय ते कळतं, किती दुखतंय ते नाही. आयुष्यभर सोसत आलेल्या बायका हेच उत्तर देतात. जाणती सिस्टर मग प्रश्न बदलते : “कूस बदलताना कळ येते का? पाय वाकवताना? रात्री झोप लागली?” दुखतं म्हणून पाय हलवलाच नाही तर सांधा आखडतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीतीही वाढते.

आणि बोलण्याने खरोखर फरक पडतो. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं अशा ९७ रुग्णांपैकी काहींना भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी नीट समजावलं : कुठे दुखेल, का दुखेल, अंग सैल कसं सोडायचं, कुशीवर कसं वळायचं. या रुग्णांना नंतर मॉर्फिनसारखी औषधं इतरांच्या जवळपास निम्मीच लागली आणि ते घरीही लवकर गेले. समजावण्याचं हे काम आज बरंचसं नर्सच करतात.

म्हणूनच “एवढं काय ओरडायचं!” हे वॉर्डात ऐकू आलं की मला फार वाईट वाटतं. “दुखतंय, कळतंय मला. इंजेक्शन दिलंय, अर्ध्या तासाने येऊन बघते,” असं म्हणायला काही जास्त वेळ लागत नाही. मात्र मग यायलाच हवं. एकेका सिस्टरकडे किती खाटा असतात ते मी पाहिलं आहे. तरीही अशी वाक्यं बोलणाऱ्या आणि शब्द पाळणाऱ्या सिस्टर भेटतात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आईच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका, तिला बोलू द्या. दुखणं वाढायला लागलं की लगेच सांग, असं तिला सांगा. फिजिओथेरपिस्ट यायच्या आधी गोळी देता येईल का, हेही सिस्टरांना विचारून घ्या.