लिंबाच्या पानावरचा ठिपका हलतो तेव्हा

प्रश्न : गच्चीवरच्या कुंडीतल्या लिंबाची कोवळी पानं कुणीतरी कुरतडतंय. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसतात. कोणतं औषध फवारू?

उत्तर : कोणतंच नको! ते ठिपके नीट निरखा, हळूच हलतील. त्या एका फुलपाखराच्या अळ्या आहेत. पक्ष्यांच्या नजरेतून सुटण्यासाठी घेतलेलं हे सोंग. मोठी झाली की अळी हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. घरातल्या मुलांना हे जरूर दाखवा. रोप जोमदार असेल तर नवी पालवी फुटतेच. अगदीच लहान असेल तर अळ्या अलगद कढीपत्त्यावर सोडा, तोही त्यांना चालतो. पाणी मात्र सकाळी लवकर घाला आणि मातीवर पालापाचोळा पसरा. एप्रिलच्या उन्हात कुंडी लगेच सुकते.